हरीभाऊंचा न्हावी

हरीभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात एक आखूड लाकडी पट्टी असायची. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं, विडीचं पाकीट असतं. यांच्या खिशात पट्टी आणि तिच्या शेजारी लाल पेन्सिल. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं की ते पट्टीच्या कडेवर ठेवून फाटलेली बाजू सरळ करत आणि मगच खिशात घालत. कंडक्टरला ते आवडत नसे. तो एकदा म्हणाला, "भाऊ, तिकीट आहे, लग्नपत्रिका नाही." हरीभाऊ म्हणाले, "तू नीट फाडत जा, म्हणजे मला पट्टी काढावी लागणार नाही."

आम्ही दोघंही लालमती गावचे. सकाळच्या एकाच बसनं राजधानीला, पोर्ट लुईला जायचो, एकाच ऑफिसात. ते तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे मुख्य होते आणि मी झाडलोट करायची, चहा द्यायची. माझे मालक गेल्यावर हरीभाऊंनीच मला तिथे लावलं. मी चौथीपर्यंत शिकले. पण मराठी लिहायला शिकले ती शाळेत नव्हे, देवळाच्या बैठकीत, शनिवारी संध्याकाळी, हरीभाऊंच्या वर्गात. ते पहिला महिना अक्षर शिकवत नसत. समास आखायला शिकवत. कोरी पानं, प्रत्येकाला डावीकडे एक रेघ. एका म्हातारीनं विचारलं होतं, "भाऊ, रेघेच्या पलीकडे कधी जायचं?" ते म्हणाले, "रेघ सरळ आली की." ती म्हातारी वर्ग सोडून गेली. मी राहिले, कारण उठून जायचं म्हणजे सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं.

त्यांच्या घरामागच्या वाफ्यात वांगी आणि मिरच्या दोरी लावून पेरलेल्या असत. जे रोप दोरीच्या बाहेर उगवे ते कितीही जोमाचं असलं तरी उपटलं जाई. त्यांची बायको शेवंताकाकू ती उपटलेली रोपं गुपचूप कुंपणापलीकडे लावायच्या आणि तिथली वांगी नेहमी मोठी व्हायची. हरीभाऊंना ती वांगी फार आवडत. कुठून आली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एका गणेशचतुर्थीची गोष्ट लालमतीत अजून सांगतात. देवळाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत आरती चालू होती आणि हरीभाऊ बाहेर एकटेच त्या चपला लावत होते. टाचा भिंतीकडे, लहान आकारापासून मोठ्याकडे, रबरी एकीकडे, चामडी एकीकडे. आरती संपली, लोक बाहेर आले आणि कोणालाच आपली चप्पल सापडेना. ढिगात प्रत्येकाला आपली जागा आठवत होती. ओळीत सगळ्या सारख्याच दिसत होत्या. कांप दे मास्क गावाहून आलेला एक पाहुणा पुजाऱ्याची चप्पल घालून गेला आणि पुजारी विसर्जनाला अनवाणी चालला. हरीभाऊ म्हणाले, "चुकलं ते लोकांचं. चपलेवर खूण करायला काय होतं?"

असा हा माणूस. आणि याच्या ऑफिसात सर्ज होता.

सर्ज पोर्ट लुईचाच, क्रेओल म्हणजे आफ्रिकी वंशाचा, उंच, मोठ्यानं हसणारा. हरीभाऊंपेक्षा पुष्कळ लहान. प्रोग्राम लिहिण्यात त्याच्याइतका हुशार दुसरा नाही, असं हरीभाऊ बसमध्ये सांगत आणि ऑफिसात त्याच्या तोंडावर बरोबर उलटं सांगत. तो त्यांना 'तोंतों' म्हणे, म्हणजे काका. पण ज्या सुरात म्हणे त्यात मान किती आणि चिडवणं किती, ते मला कधी कळलं नाही.

आमच्या ऑफिसात ऊसवाल्यांच्या पावत्या छापल्या जात. कोणाचा ऊस, कुठल्या गावचा, वजन किती. हे सगळं थंड खोलीतलं मोठं यंत्र करायचं आणि ते कसं करायचं याचे हुकूम म्हणजे प्रोग्राम. हरीभाऊंनी मला बसमध्ये समजावलं होतं. "हे बघ गो बाय, 'जर असं असेल तर हे कर' असं यंत्राला सांगायचं. आता 'हे कर' ही ओळ त्या 'जर'च्या पोटातली. म्हणून ती थोडी आत सरकवून लिहायची. त्याच्या पोटात आणखी एक 'जर' आला तर आणखी आत. देवळाच्या पायऱ्या असतात तसं."

"मग?"

"मग काय. किती आत, हा प्रश्न. एका अक्षराची जागा म्हणजे एक घर. चार घरं. चार घरं सोडली की पायरी दिसते. सर्ज दोनच सोडतो."

"यंत्राला दोन चालत नाहीत?"

"यंत्राला काही न सोडता लिहिलं तरी चालतं," ते म्हणाले.

म्हणजे ज्याला हुकूम द्यायचा त्याचं काही म्हणणंच नव्हतं. भांडण या दोघांचंच होतं आणि ते मी कामाला लागले त्याच्या आधीपासून चालू होतं. सकाळी कालचे प्रोग्राम कागदावर छापून येत. हरीभाऊ लाल पेन्सिल घेऊन सर्जच्या टेबलाशी जात.

"ही काय पायरी आहे? यावर उंदीर चढेल, माणूस नाही."

"तोंतों, तुमच्या पायऱ्या चढता चढता कागद संपतो. उजवीकडे बघा, ओळ भिंतीत घुसली."

"भिंतीत घुसली तर तुझ्या डोक्यात जास्त 'जर' आहेत. कमी कर."

"आयो, हे मला सांगतात. यांच्या घरी काकू स्वयंपाक करतात का, की पट्टीनं मोजून वाढतात?"

बाकीचे खाली मान घालून हसत. मी चहा ठेवून येई. अर्ध्या तासानं कप उचलायला जाई तेव्हा दोन्ही कप भरलेले, वर साय. मी ते परत नेऊन गरम करी. माझ्या आठवणीत त्या दोघांनी पहिल्यांदा दिलेला चहा कधी प्यायला नाही. बाकीच्यांना गातो पिमां लागत, मिरचीचे तळलेले वडे. या दोघांचे वडेही गार होत.

छापून टाकून दिलेले कागद मी घरी आणायची. मोठे, हिरव्या पट्ट्यांचे कागद, फळीवर घालायला चांगले. माझ्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर हरीभाऊंच्या पायऱ्या होत्या आणि भांड्यांच्या फळीवर सर्जच्या. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कोणाचं आहे ते दुरून कळायचं.

एवढ्यावर राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण दोघांना एकमेकांच्या प्रोग्रामांत कधी ना कधी हात घालावा लागे. सर्जला हरीभाऊंच्या प्रोग्राममधली एक ओळ बदलायची असली की तो आधी सगळ्या पायऱ्या दोनच्या करी. मग हरीभाऊ तोच प्रोग्राम उघडत आणि सगळ्या पुन्हा चारच्या करत. जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला की पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळ बदललेली दिसे. त्यात खरी बदललेली ओळ कुठली, हे कोणालाच सापडत नसे. एका लाकूपमध्ये, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात, अशीच एक चुकीची ओळ त्या सरकवासरकवीत लपून राहिली आणि आठवड्याच्या पावत्या पुन्हा छापाव्या लागल्या. चूक सर्जची की हरीभाऊंची, हे शोधायला सगळं ऑफिस बसलं. सापडली नाही. दोघंही एवढ्या वेळा त्या ओळीवरून गेले होते.

आमचे दिरेक्तेर, म्हणजे मोठे साहेब, शांत गृहस्थ. त्यांनी दोघांना बोलावलं. मी चहा घेऊन आत होते, आणि चहा देणाऱ्या बाईसमोर लोक बोलायचे थांबत नाहीत.

"दोन मुलं असती तर वेगवेगळ्या बाकांवर बसवलं असतं," ते म्हणाले. "तुम्हाला वेगवेगळ्या गावांत बसवतो. सर्ज, पुढच्या हंगामाआधी तू दक्षिणेच्या शाखेत जा."

सर्जची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला सोडून रोज तेवढं जाणं-येणं होणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. बाहेर येऊन तो हसत म्हणाला, "दक्षिणेत कशाला, ऑस्ट्रेलियालाच जातो. माझा भाऊ केव्हाचा बोलावतोय, आईलाही घेऊन ये म्हणतो." पण टेबलाशी बसल्यावर त्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही.

हरीभाऊ ऑफिसात म्हणाले, "जाऊ दे. शांतता होईल." बसमध्ये त्यांनी तिकीट सरळ केलं नाही. हातात चुरगळून ठेवलं आणि लालमती येईपर्यंत तसंच धरून बसले. उतरताना म्हणाले, "त्याच्या जागी येईल तो मी सांगेन तशी चार घरं सोडेल. त्याला मी काय बोलणार?"

त्यानंतर ते काहीतरी लिहायला लागले. इतरांची कामं संपल्यावर हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर बसत. शनिवारचा वर्ग शेवंताकाकूंनी घेतला आणि आम्ही पहिल्यांदा समासाबाहेर लिहिलं. ते जे लिहीत होते तो प्रोग्राम होता, पण पावत्यांचा नाही. दुसऱ्यांचे प्रोग्राम वाचून त्यांच्या पायऱ्या नीट करणारा प्रोग्राम. कोणी काहीही लिहून यंत्रात ठेवायला दिलं की ते आधी यातून जाणार, सगळ्या ओळी एकाच मापानं आत सरकणार आणि मगच आत ठेवलं जाणार. कोणी विसरायचा प्रश्न नाही, कोणी मुद्दाम टाळायचा प्रश्न नाही.

सर्जनं त्याचं नाव ठेवलं 'क्वाफेर', म्हणजे न्हावी. "सगळ्यांचा एकच भांग," तो म्हणाला. "तोंतोंसारखा."

मला वाटलं, आता जिंकले हरीभाऊ. चारच्या पायऱ्या यंत्रच पाडणार. बसमध्ये मी तसं म्हटलं.

"चार ठेवले तर तो जाणार," ते म्हणाले. "हरून कोण राहतं? दोन ठेवले तर मला रोज दोन बघावे लागतील. ते माझ्यानं होणार नाही, गो."

"मग?"

"तीन." त्यांनी असा चेहरा केला की जणू कारलं खाल्लं आहे. "तीन कोणालाच आवडत नाहीत."

तीन खरंच कोणालाच आवडले नाहीत. सर्ज म्हणाला, "तीन? तीन हा काय आकडा आहे? तीन पायांचा कुत्रा असतो." हरीभाऊ म्हणाले, "तुझं बरोबर आहे. घाणेरडं दिसतं." इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले होते आणि दोघांनाही ते अवघड जात होतं. दिरेक्तेर मात्र खूष झाले. महिनाभर बघू म्हणाले. न्हावी नीट चालला तर सर्जची बदली रद्द.

न्हाव्यानं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे भांग पाडले. दुसऱ्या आठवड्यात कांप दे मास्कहून एक म्हातारे ऊसवाले ऑफिसात आले. डोक्याला मुंडासं, हातात पावती. माझ्याच चहाच्या टेबलाशी उभे राहिले, कारण दाराशी मीच होते.

"बाई, इथे मोठा कोण?"

हरीभाऊ आले. म्हाताऱ्यांनी पावती पुढे केली. "वाच."

हरीभाऊंनी वाचली आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या पट्टीकडे गेला.

"मीच सांगतो," म्हातारे म्हणाले. "नातवानं वाचून दाखवली. इथे लिहिलंय वजन, आणि खाली लिहिलंय कांप दे मास्क. माझ्या उसाचं वजन कांप दे मास्क. आता मिलवाल्यांना सांगा, मी गाव गाडीत घालून आणतो. देऊळ आणि दोन दुकानं वर येतील, त्यांना काटा मोठा लावायला सांगा."

ऑफिस हसलं. हरीभाऊ हसले नाहीत. झालं होतं असं की पावतीच्या वरचे मथळे, नाव, गाव, वजन, हे प्रोग्राममध्ये एका ओळीत, अवतरणचिन्हांत, मोठमोठी अंतरं सोडून लिहिलेले होते. न्हाव्यानं ती अंतरं पाहिली, फालतू मोकळी जागा समजला आणि कापली. मथळे डावीकडे गोळा झाले, खालचे आकडे होते तिथेच राहिले. सगळ्या पावत्यांवर वजनाखाली गाव आलं होतं. कार्तिए मिलितेर गावचे लोकही दुपारपर्यंत येऊन गेले.

दिरेक्तेर याही खेपेला आवाज न चढवता म्हणाले, "न्हावी बंद. बदली कायम."

हरीभाऊ जागेवर जाऊन बसले. मी चहा ठेवला. त्यांनी कपाकडे पाहिलंही नाही. तेव्हा सर्ज आपली खुर्ची ओढत त्यांच्या टेबलाशी आला. इतकी वर्षं नेहमी हरीभाऊच त्याच्याकडे जात. हा उलटा प्रवास मी पहिल्यांदा पाहिला.

"तोंतों, त्या अवतरणचिन्हांच्या आत काय असतं?"

"जे छापायचं ते."

"म्हणजे ते आपले हुकूम नाहीत. ते माणसाला दाखवायचे शब्द. तिथे कंगवा कशाला घालता?"

"मला काय माहीत तुझ्या न्हाव्याला—"

"माझा न्हावी? लिहिला कोणी?"

"नाव कोणी ठेवलं?"

मग दोघंही त्या पडद्याशी बसले. अवतरणात जे असेल त्याला न्हाव्यानं हात लावायचा नाही, एवढंच करायचं होतं. पण ते कसं लिहावं यावर त्यांनी दुपार भांडून काढली. शेवटी लिहिलं ते सर्जनं, हरीभाऊंच्या खुर्चीत बसून. त्यानं जुने सगळे प्रोग्राम न्हाव्यातून काढून दाखवले, पावत्या पुन्हा छापल्या आणि स्वतः दिरेक्तेरकडे घेऊन गेला. म्हणजे स्वतःची बदली टाळायला हरीभाऊंची वकिली त्यानंच केली. दिरेक्तेरांनी पावती उलटसुलट पाहिली. "वजनाखाली वजन आहे," ते म्हणाले. "राहू दे न्हावी. तूही राहा."

सर्जची बदली रद्द झाली ती झालीच.

आणि ऑफिसात शांतता झाली. फार चांगलं काम व्हायला लागलं, सगळे म्हणत. कोणी काय बदललं ते एका नजरेत दिसायचं. नवीन आलेल्या मुलीलाही कोणाचाही प्रोग्राम वाचता येई. सकाळी छापून आलेल्या कागदांत लाल पेन्सिलीला काम उरलं नाही. हरीभाऊ सवयीनं उठत, सर्जच्या टेबलापर्यंत जात, कागद पाहत. पायऱ्या सगळ्या तीनच्या, सगळ्या बरोबर. ते म्हणत, "ठीक आहे." सर्ज म्हणे, "ठीक आहे, तोंतों." आणि ते परत जात.

चहा गरमच प्यायला जाऊ लागला. मला कप पुन्हा न्यावे लागत नव्हते. माझं काम कमी झालं आणि मला बरं वाटायला हवं होतं. घरी फळ्यांवर नवे कागद घातले, तर सगळ्या फळ्या सारख्या दिसायला लागल्या. लाल पेन्सिल हरीभाऊंच्या खिशात तेवढ्याच लांबीची राहिली. बसमध्ये ते एकदा मला म्हणाले, "तुझा पदर एका बाजूला जास्त लोंबतोय." असं ते आधी कधी म्हणाले नव्हते. कंडक्टरशी तर रोज भांडण व्हायला लागलं.

हे पुष्कळ दिवस चाललं. मग एका सकाळी मी कप उचलायला गेले तर दोन्ही भरलेले, वर साय. हरीभाऊ सर्जच्या टेबलावर वाकलेले, हातात पट्टी.

"ही काय टिपण लिहायची रीत आहे? एक ओळ इथे, एक तिथे, जशी बकरी चरून गेली."

"तोंतों, ते टिपण आहे. ते मी तुमच्यासाठी लिहिलंय."

"माझ्यासाठी लिहिलंस तर मला वाचता येईल असं लिही."

मला हे हरीभाऊंनीच नंतर समजावलं. प्रोग्राममध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला चांदणीची खूण काढली, ती ओळ यंत्र वाचतच नाही. ती माणसानं दुसऱ्या माणसाला सांगायची गोष्ट असते, हे इथे असं का केलं वगैरे. न्हावी बाकी सगळ्या ओळींना कंगवा मारतो, चांदणीच्या ओळींना हात लावत नाही. सर्जच्या चांदण्या वेड्यावाकड्या असत. हरीभाऊंच्या चारी बाजूंनी चौकट घातलेल्या. सर्जचं म्हणणं, चौकट आखण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात काम होतं. हरीभाऊंचं म्हणणं, चौकट नसलेलं टिपण म्हणजे दार नसलेलं घर. हे भांडण दोन-चारच्या भांडणापेक्षाही चांगलं निघालं, कारण याला मापच नव्हतं.

मी सहसा आपणहून विचारत नाही, पण त्या दिवशी बसमध्ये विचारलं. "भाऊ, न्हाव्याला चांदणीच्या ओळी सरळ करता येत नाहीत?"

"येतात की."

"अवघड असेल."

"अर्ध्या सकाळचं काम," ते म्हणाले आणि तिकीट पट्टीच्या कडेवर ठेवून सरळ करायला लागले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसानं समारंभ केला. दिरेक्तेर बोलले, झेंडूचा हार घातला, गातो पिमां आणि केक होता. न्हाव्याचं कौतुक झालं. आता तो इतर ऑफिसांतही नेणार म्हणाले. हरीभाऊ उभे होते, चेहऱ्यावर काही नाही. शेवंताकाकूही आल्या होत्या, हातात वांग्यांची पिशवी.

मग सर्ज पुढे आला. त्यानं भाषण केलं नाही. हिरव्या पट्ट्यांचा एक छापील कागद दिला. त्यांना निरोप लिहिला होता, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चांदणी. एक ओळ डावीकडे, दुसरी मध्येच, तिसरी कागदाच्या पार उजव्या टोकाला लोंबकळत होती. काय लिहिलं होतं ते मला कळलं नाही. मी दुरूनच कागदाचा आकार पाहिला. मुद्दाम केल्याशिवाय इतकं वाकडं लिहिता येत नाही.

हरीभाऊंनी तो वाचला. पुन्हा वाचला. लोक टाळ्या वाजवायला थांबले होते. त्यांनी हार एका हातानं बाजूला केला, खिशातून लाल पेन्सिल काढली, कागद टेबलावर पसरला आणि पट्टी लावली.

"ही ओळ," ते म्हणाले, "कुठून सुरू होते, सांग बघू?"

"जिथून मला वाटलं तिथून."

"तुला वाटलं म्हणून झालं?"

सर्जनं खुर्ची ओढली. दिरेक्तेर काही वेळ थांबले आणि आपल्या खोलीत गेले. बाकीचे केक खाऊन पांगले. काकू दाराशी येऊन म्हणाल्या, "आपली बस जाईल." हरीभाऊंनी पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली. मी दोन कप चहा नेऊन ठेवला, टेबल पुसलं, पंखे बंद केले, थोड्या वेळानं परत गेले. हाराच्या पाकळ्या कागदावर पडल्या होत्या आणि हरीभाऊ त्या पट्टीनं एकेक बाजूला सारत होते, खालची ओळ दिसावी म्हणून. बस गेल्याचा आवाज आला.

मी दोन्ही कप उचलले आणि गरम करायला घेऊन गेले.